शिखर आणि पायथा

एव्हरेस्टची उंची किती, हा शाळेत एका गुणाचा प्रश्न असतो. आकडा पाठ असला की गुण मिळतो. तो आकडा कोणी आणि कसा काढला, हे मात्र कोणी विचारीत नाही. माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे.

८ डिसेंबर २०२० रोजी नेपाळ आणि चीन यांनी ८८४८.८६ मीटर ही उंची जाहीर केली. तोवर नेपाळ भारतीय सर्वेक्षण खात्याने काढलेली ८८४८ मीटर हीच उंची मानीत होता. २०१५ च्या भूकंपानंतर शिखर खचले की काय, अशी शंका निघाली आणि नेपाळने आपली मोजणी आपणच करण्याचे ठरविले. मे २०१९ मध्ये त्याचे मोजणीदार उपग्रहांचे संदेश टिपणारे यंत्र घेऊन शिखरावर पोचले.

कोणी म्हणेल, उपग्रहाने आकडा दिला, काम संपले! परंतु तसे नाही. उपग्रहावरून कळते ती पृथ्वीच्या एका कल्पित, गुळगुळीत आकारापासूनची उंची. समुद्र त्या आकाराप्रमाणे वागत नाही. पृथ्वीच्या पोटात कोठे जड भाग, कोठे हलका. त्यानुसार गुरुत्वाकर्षण बदलते आणि समुद्राची पातळीही वरखाली होते. मुंबईच्या किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाची नुसती उपग्रही उंची काढली, तर ती शून्याखाली साठाहून अधिक मीटर भरेल! हिमालयाखाली तर समुद्रच नाही. तो तेथे असता तर त्याची पातळी कोठे आली असती, हे गुरुत्वाकर्षण मोजूनच ठरवावे लागते. म्हणून नेपाळी मोजणीदारांनी तराईपासून वर पातळी मोजीत नेली आणि ठिकठिकाणी गुरुत्वाकर्षणाच्या नोंदी घेतल्या.

एका मीटरच्याही आतल्या फरकासाठी एवढा खटाटोप कशाला? याचे उत्तर कालवा खोदणाऱ्याला विचारावे. पाणी उपग्रहाचे ऐकत नाही, गुरुत्वाकर्षणाचे ऐकते. शिवाय, ज्या देशाला आपले शिखर स्वतः मोजता येते, त्याला आपल्या उंचीचा दाखला दुसऱ्याकडे मागावा लागत नाही.

आपल्या लक्षात मात्र शिखरावरचे छायाचित्रच राहते. एकोणिसाव्या शतकात याच शिखराच्या उंचीचे गणित झाले, त्यात मुख्य गणक राधानाथ सिकदार यांचा मोठा वाटा होता. १८६५ साली शिखराला नाव मिळाले ते जॉर्ज एव्हरेस्ट या निवृत्त साहेबाचे. शिखरावर चढणाऱ्याचे कौतुक जरूर करावे. पण उंची सिद्ध होते ती पायथ्याशी खपणाऱ्यांमुळे, हे विसरू नये.