जॅक बसतो तेव्हा

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याला आणि तिथून दौंडला मी गेली सात-आठ वर्षं ये-जा करते आहे. रस्त्याच्या कडेला जागोजाग गॅरेजं आहेत. उसाचा हंगाम जवळ आला की तिथे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. पण त्या पत्र्याच्या शेडांकडे मी कधी नीट पाहिलं नव्हतं. ती पुरुषांची जागा, आपलं काम बायकांचं, अशी माझ्या मनात वाटणी होती.

२०२५ च्या उन्हाळ्यात आमच्या बचत गटातल्या एकीचा नवरा गेला. गॅरेजमध्ये मिस्त्री होता. वय ३०, पगार महिना १२ हजार. टेम्पो नुसत्या जॅकवर उचलून खाली शिरला होता. जॅक बसला. दहाव्याला मालकाने सासऱ्यांच्या हातात एक लाख रुपये ठेवले आणि ‘आमची काही तक्रार नाही’ अशा कागदावर अंगठा घेतला. सासू मला म्हणाली, “ताई, देवानं नेला, त्याला शेठ तरी काय करणार?” मीही मान हलवली. मग तहसीलला खेटे घालून सुनेचा संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरला, महिना दीड हजाराचा, आणि आपलं काम झालं असं समजून घरी आले. एमएसडब्ल्यूला मला कामगार कायद्यांचा पेपर होता. मार्कही बरे होते!

देवानं नेला का? हे विचारायला गटातल्या दोघींना घेऊन मी शिरूर आणि दौंडमधली काही गॅरेजं फिरले. “बायकांचं इथं काय काम?” हे ठरलेलंच होतं. पण एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी स्टूल पुढे केलं आणि सगळं समजावून सांगितलं. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो. तो आतल्या तेलाच्या दाबावर उभा असतो. वॉशर झिजला, तेल गळलं की बसतो. म्हणून आधी चाकांना ठोकळे लावायचे, गाडी उचलली की खाली लोखंडी घोड्या द्यायच्या, आणि मगच अंग आत घालायचं. आम्ही पाहिलेल्या गॅरेजांत घोड्या होत्याही, पण एकीकडे त्यांच्यावर टायर रचलेले होते.

मोठ्या गॅरेजात आता दोन खांबांची लिफ्ट असते. तिथेही तेच. लिफ्टचे हात गाडीच्या ठरावीक जागीच लागले पाहिजेत. वीतभर उचलून गाडी हलवून पाहायची, मग वर न्यायची, आणि शेवटी थोडी खाली घेऊन खांबातल्या खटक्यावर टेकवायची. नुसत्या तेलाच्या भरवशावर गाडी टांगून खाली काम करायचं नाही. इंजिन काढलं की गाडीचा तोल बदलतो, म्हणून वेगळा आधार हवा. डंपरची ट्रॉली वर करून खाली हात घालतानाही आधाराचा दांडा लागतोच. यात देवाचा भाग कुठे आला? घोड्या काही हजारांत मिळतात. दुसऱ्या गाडीची घाई असते म्हणून त्या लागत नाहीत.

आता त्या एक लाखाचं. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात वाहनं दुरुस्त करणारा कामगार परिशिष्टात नाव घेऊन लिहिलेला होता. गॅरेजात चारच माणसं आहेत, ही सबब त्यात चालत नव्हती. मृत्यू झाला तर निम्मा पगार गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. ३० वर्षांना तो २०७.९८. म्हणजे ६,००० गुणिले २०७.९८, एकूण १२,४७,८८०. कुठे साडेबारा लाख आणि कुठे एक!

त्याहून महत्त्वाचं म्हणजे मृत्यूची भरपाई मालकाने आयुक्तांकडेच जमा करायची. परस्पर हातात दिलेली रक्कम भरपाई धरली जातच नाही. फार तर तीन महिन्यांच्या पगाराइतकी आगाऊ रक्कम वळती होते. हक्क सोडल्याच्या कागदालाही किंमत नाही. वारसांच्या यादीत विधवा, अज्ञान मुलं आणि विधवा आई पहिल्या. बाप त्या कमाईवर अवलंबून असेल तरच. शंभर वर्षांपूर्वीच्या कायद्याला ठाऊक होतं की बाईच्या नावाचा पैसा वाटेत कुठे अडतो! नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली. रक्कम अधिकाऱ्याकडे जमा करण्याचा नियम तिनेही ठेवला आहे.

आपल्या गटांना माझं एवढंच म्हणणं आहे की दारूच्या गुत्त्यावर आपण मोर्चा नेतो, तसं गॅरेजच्या दारातही उभं राहू. घोड्या आहेत का, लिफ्टचा खटका चालतो का, हाताखालचा ‘छोटू’ चौदाच्या आतला तर नाही ना, हे विचारू. त्या वयाच्या मुलाला कामाला ठेवणं गुन्हा आहे. आणि माणूस गेलाच, तर दहाव्याची वाट न पाहता पहिल्याच दिवशी पंचनाम्यात जॅक आणि घोड्या कुठे होत्या ते लिहून घेऊ. कागदावर अंगठा उठण्याआधी आपण त्या घरात पोचलं पाहिजे. मी पोचले नव्हते.

तिचा अपघात जुन्या कायद्याच्या काळातला, अर्जाची मुदत दोन वर्षांची, म्हणून अजून वेळ आहे. मालक आता म्हणतो, हा माझ्याकडे कामालाच नव्हता. गेल्या आठवड्यात तिने ट्रंकेतून ग्रीसचे डाग पडलेली एक वही काढून दिली. दर शनिवारची उचल त्यात मांडलेली आहे, मालकाच्याच अक्षरात.