कागद त्यांच्याकडे, नोटीस आम्हाला

राखीव जागेवर निवड झालेला आपला मुलगा रुजू होतो आणि काही महिन्यांत त्याच्या हातात नोटीस पडते: जात वैधता प्रमाणपत्र सादर करा, अन्यथा सेवा समाप्त. जणू कागद त्यानेच घरी दडवून ठेवलाय! अहो साहेब, ते प्रमाणपत्र देतं कोण? शासनाचीच पडताळणी समिती. म्हणजे उशीर शासनाचा आणि शिक्षा आमच्या पोराला.

महाराष्ट्राच्या 2000 च्या जात प्रमाणपत्र कायद्यातलं कलम 6(3) आस्थापना शाखेने कधी वाचलंय का? निवड झालेल्याकडे वैधता नसेल, तर समितीकडे अर्ज करण्याची जबाबदारी नियुक्ती करणाऱ्या अधिकाऱ्यावर टाकलेली आहे. हे नोटिशीत कधी लिहीत नाहीत.

त्यात अनुसूचित जातींसाठी पुरावा 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा हवा. ज्यांच्या आज्याला शाळेची पायरी चढू दिली नाही, त्यांच्याकडे आज्याचा शाळेचा दाखला मागायचा!

बोगस प्रमाणपत्रवाल्यांची गय नकोच. ते आमच्याच जागा खातात. 6 जुलै 2017 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या नोकरीचं संरक्षण नाकारलं, ते योग्यच झालं. पण दावा अवैध ठरणं वेगळं आणि प्रलंबित असणं वेगळं. दोघांना एकच नोटीस कशी?

मित्रांनो, नोटीस आली की साहेबांच्या केबिनमध्ये तोंडी विनवण्या करू नका. समितीकडच्या अर्जाची पोच जोडून लेखी उत्तर द्या, मुदतवाढ मागा. आणि त्याच पत्रात विचारा: कलम 6(3) प्रमाणे माझा अर्ज कार्यालयाने कोणत्या तारखेला पाठवला? जावक क्रमांक काय?