चांगल्या बॉलरला कोणताही क्लब घेतो, बाकीच्यांचं काय? पुणे, पंचवटी आणि अमेरिकेतलं क्रिकेट

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट तब्बल १२८ वर्षांनी परत येतंय. ऑलिंपिकमधला याआधीचा एकमेव सामना १९०० साली पॅरिसला झाला होता. त्यात ग्रेट ब्रिटनने फ्रान्सला १५८ धावांनी हरवलं. गंमत म्हणजे फ्रान्सच्या संघातले बहुतेक खेळाडू पॅरिसमध्ये राहणारे इंग्रजच होते. हौस म्हणून क्लबात क्रिकेट खेळणारे.

क्रिकेट जगभर पसरलं ते बऱ्याच अंशी अशाच क्लबांमुळे. एकेकाळी परदेशात क्लब काढणारे इंग्रज होते, आज अमेरिकेत ते काम भारतीय करतायत. त्यात मराठी मुलंही आहेत. पण अशा क्लबांसमोर एक प्रश्न कायम राहिला आहे. आत कोणाला घ्यायचं?

तो समजून घ्यायला आधी पुण्यात आणि मग नाशिकच्या पंचवटीत जावं लागतं.

साहेबांचा क्लब

घरापासून हजारो मैल लांब असलेल्या इंग्रजांना क्लबात आपली भाषा, आपलं जेवण आणि आपली माणसं मिळायची. मुंबईचं बॉम्बे जिमखाना १८७५ मध्ये सुरू झालं. सभासद फक्त युरोपियन. भारतीय माणूस आत दिसायचा तो माळी, बेअरा किंवा नेटमध्ये बॉल टाकणारा नोकर म्हणून.

पुण्याच्या युरोपियनांच्या क्लबात १८९० च्या दशकात असाच एक तरुण कामाला होता. नाव पाळवणकर बाळू. चर्मकार समाजातला. पगार महिन्याला चार रुपये. काम खेळपट्टी तयार करण्याचं आणि सरावासाठी साहेबांना बॉल टाकण्याचं. जे. जी. ग्रेग हे तिथले नावाजलेले बॅट्समन. बाळूंनी आऊट केलं की ते दर वेळी आठ आणे द्यायचे, असं सांगितलं जातं.

तासन् तास बॉलिंग करून बाळू डावखुरे फिरकी गोलंदाज म्हणून तयार झाले. बॅटिंग मात्र त्यांच्या वाट्याला आली नाही. ती साहेबांची मक्तेदारी होती.

मैदानावर एकत्र, चहाला वेगळे

पुण्यातल्या हिंदू क्लबला साहेबांच्या संघाला हरवायचं होतं. त्यासाठी बाळू हवे होते. पण अस्पृश्य समाजातल्या खेळाडूला घ्यायचं का, यावर वाद झाला. शेवटी घेतलं, कारण विकेट हव्या होत्या.

सामना सुरू असताना सगळे एकाच बॉलला हात लावायचे. चहाची वेळ झाली की बाळूंना पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा दिला जायचा.

म्हणजे गोऱ्यांच्या क्लबाची भिंत ज्यांना टोचत होती, त्यांनीच आपल्या क्लबात दुसरी भिंत उभी केली होती.

विकेट पडत गेल्या, तशी ही भिंत थोडी थोडी खचली. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले. तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच रीतसर मिळालं नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे भाऊ विठ्ठल यांना मिळालं आणि हिंदूंनी युरोपियनांना हरवून चौरंगी स्पर्धा जिंकली.

पंचवटीचा संबंध काय?

मग क्रिकेटने जातीची भिंत पाडली, असं म्हणायचं का?

त्यानंतर सातच वर्षांनी, २ मार्च १९३० ला, पंचवटीत काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली. स्थानिक बाजू दादासाहेब गायकवाड सांभाळत होते. मंदिराचे दरवाजे बंद करण्यात आले. सत्याग्रह काही वर्षं चालला, पण दार उघडलं नाही. ऑक्टोबर १९३५ मध्ये नाशिक जिल्ह्यातच, येवल्याला, बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली.

बाळूंची राजकीय वाट वेगळी होती. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत थेट बाबासाहेबांविरुद्ध उभं केलं. बाबासाहेब जिंकले.

दोघांमधला फरक राजकारणापुरता नव्हता. बाळूंसाठी दार किलकिलं झालं, कारण क्लबला त्यांची गरज होती. पंचवटीतली मागणी वेगळी होती. आमचा उपयोग असो वा नसो, माणूस म्हणून आत येऊ द्या.

आता परदेशात आपण आहोत

६ जून २०२४. टी-ट्वेंटी वर्ल्ड कपमध्ये अमेरिकेने पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरवलं. ती ओव्हर टाकणारा सौरभ नेत्रावळकर मुंबईचा, नोकरी ओरॅकलमध्ये. अमेरिकेतलं क्रिकेट वर्षानुवर्षं चाललंय ते मुख्यतः अशा स्थलांतरितांच्या क्लबांवर. आठवडाभर ऑफिस, शनिवार-रविवार मॅच. नव्याने गेलेल्या मुलाला पहिली ओळख, भाड्याच्या घराचा पत्ता, सणाला जेवायचं बोलावणं अनेकदा इथेच मिळतं.

त्याच अमेरिकेत जातीचा प्रश्नही पोहोचलाय. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल हे जातिभेदावर बंदी घालणारं अमेरिकेतलं पहिलं शहर ठरलं. कॅलिफोर्नियात तसंच विधेयक मंजूर झालं, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये गव्हर्नर गॅविन न्यूसम यांनी ते रोखलं. आहेत ते कायदे पुरेसे आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. कायद्यामुळे एकाच समाजाकडे संशयाने पाहिलं जाईल, असा विरोधकांचा आक्षेप. भेदभावाचा अनुभव सांगणाऱ्यांना मात्र जातीचा स्पष्ट उल्लेख हवा होता.

हा वाद कायद्याचा असला तरी क्लब हा कायद्याच्या अलीकडचा मामला आहे. तिथे सभासद ठरतात ते ओळखीतून, गावातून, भाषेतून आणि आडनावातूनही.

आणि इथेच हौशी क्लबाची खरी परीक्षा असते. पाच विकेट काढणारा कोणत्याही संघाला हवाच असतो, पुण्यातही हवा होता. पण अकराव्या नंबरवर बॅटिंग करणारा, कॅच सोडणारा, दर रविवारी न चुकता येणारा साधा खेळाडू? त्याला आडनाव न विचारता टीममध्ये घेतलं जातं का? मॅच संपल्यावर तो सगळ्यांच्या बरोबर चहाला बसतो का?

पंचवटीतल्या सत्याग्रहींनी १९३० मध्ये जवळपास हेच विचारलं होतं.