समुद्र सिलॅबसबाहेरच का?

डिसेंबरचं सबमिशन संपलं की हॉस्टेलवर एकच विषय चघळला जातो: यंदा ट्रिप कुठे? कोणी म्हणतं गोवा, कोणी थेट अंदमान. आमच्या एका रूममेटच्या लॅपटॉपवर तर फर्स्ट इयरपासून मालदीवचा निळाशार वॉलपेपर आहे (मेसचं बिल थकलंय, तो भाग वेगळा!). शेवटी अर्ज सरांच्या टेबलावर जातो आणि ठरलेलं उत्तर येतं, "समुद्र सोडून कुठेही जा."

सरांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका कॉलेजचे १४ विद्यार्थी बुडाले. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून आलेल्या सहलीतले आठ जण गेले, तेही इंजिनिअरिंगवालेच. हे वाचल्यावर कुठल्या रेक्टरचा हात सहीला उठेल?

पण मित्रांनो, बंदी घातल्याने समुद्र सुरक्षित होतो का? ट्रिप फक्त चोरून होते. घरी "प्रोजेक्टचं काम आहे" म्हणून सांगायचं आणि सहा जणांनी किनारा गाठायचा. त्यात दोघांना पोहता येत नाही, आणि भरती कधी, ओहोटी कधी, हे तर एकालाही माहीत नाही. मला वाटतं, समुद्र बंद करण्यापेक्षा तो शिकवावा.

गेल्या दिवाळीत मी घरच्यांबरोबर मालवणला गेलो होतो. आपल्याला बेट म्हटलं की परदेश आठवतो. पण सिंधुदुर्ग किल्ला उभा आहे तो कुरटे बेटावरच! शिवाजी महाराजांनी १६६४ ला काम सुरू केलं, तीन वर्षांत पुरं झालं. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. सिव्हिलवाल्यांनी हे एकदा तरी बघावंच. आणि तारकर्लीहून देवबागला जाणारा रस्ता! एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मध्ये माडांची चिंचोळी पट्टी.

किल्ल्याजवळच स्नॉर्कलिंग केलं. पाण्यात तोंड घातलं आणि आवाज बंद. भिवंडीत रात्रंदिवस मागांची खडखड ऐकणाऱ्या माणसाला ती शांतता काय वाटली, ते लिहून सांगता येणार नाही. खाली पट्ट्यापट्ट्यांचे मासे. दम लागला म्हणून मी पाय टेकायला गेलो, तर बरोबरचा मालवणी पोरगा ओरडला, "पाय टेकू नको! दगड नाय तो, जिवंत आसा." ते प्रवाळ होतं. वन्यजीव कायद्याने वाघाला जे संरक्षण आहे तेच प्रवाळालाही आहे, आणि मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं.

यात आपलं सिलॅबसही भरपूर आहे बरं का. उघड्या डोळ्यांनी पाण्यात धूसर का दिसतं? कारण बुबुळाचा आणि पाण्याचा अपवर्तनांक जवळजवळ सारखा, त्यामुळे प्रकाश पुरेसा वळतच नाही. मास्कमधली हवा ते काम परत करून देते. स्नॉर्कलची नळी मीटरभर लांब का नसते? एक मीटर खाली छातीवर सुमारे १० किलोपास्कल जादा दाब येतो, तेवढ्यावर श्वास ओढता येत नाही. व्हायवाला विचारलं असतं तर मी गप्प बसलो असतो, पण आता जन्मात विसरणार नाही.

भरतीचा हिशोब तर मेसमधल्या कॅलेंडरवर होतो. तिथीला पाऊणने गुणा. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधरा पाऊणे सव्वाअकरा. त्या सुमारास भरती पूर्ण, आणि साधारण सहा तासांनी ओहोटी. कोकणातल्या जुन्या माणसांना हे तोंडपाठ असतं, आपल्याला मात्र इंटिग्रेशन येतं!

तेव्हा सरांना माझी विनंती आहे. या वर्षी ट्रिप मालवणला न्या, पण अटी घालून. जानेवारीत, समुद्र शांत असताना. आधी एक तास लेक्चर: ओढीत सापडलं तर किनाऱ्याकडे झुंजत यायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत आधी तिच्यातून बाहेर पडायचं. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बोटीत पाऊल नाही. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबा करून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक गेले, म्हणजे परतीच्या बोटीतही जॅकेट अंगावरच. दारू प्यायलेला पाण्यात नाही. आणि स्थानिक माणूस "नको" म्हणाला की नको.

खर्चाची काळजी नको. भिवंडी रोडहून दिवा, दिव्याहून सावंतवाडीची गाडी, कुडाळला उतरून एसटी. मालदीवच्या तिकिटात अख्खा वर्ग जाऊन येईल.

वर्कशॉपमध्ये लेथ धोकादायक आहे म्हणून आपण तिला कुलूप लावत नाही. आधी सेफ्टी शिकवतो, मग मशीन चालू करतो. समुद्राला वेगळा नियम कशासाठी?