औषध फुकट, पण खाडा कोण भरणार?

भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांवर बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात. मजुरी जितके कापड विणले जाईल तितकी. एक खाडा म्हणजे एका दिवसाची चूल. अशा कामगाराला क्षयरोग झाला तर त्याची अडचण औषधाची नसते. सरकारी केंद्रात तपासणी व औषधे मोफत मिळतात. अडचण असते दवाखान्याच्या वेळेची, सकस अन्नाची आणि मालकाला कळले तर माग हातचा जाईल या धास्तीची. उपचार साधारण सहा महिन्यांचा. दोन महिन्यांत बरे वाटू लागते आणि कामगार गोळ्या सोडतो. मग तोच आजार औषधांना न जुमानता उलटू शकतो आणि शेजारच्या मागवाल्यालाही गाठतो.

मदतीच्या वाटा आहेत. २०१८ पासून निक्षय पोषण योजनेत रुग्णाला दरमहा ५०० रुपये मिळू लागले. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. मात्र पैसे बँक खात्यात येतात. परप्रांतातून आलेल्या, कारखान्यातच झोपणाऱ्या कामगाराचे खाते बंद पडलेले असले की हक्क तिथेच अडतो. २०२२ पासून कोणीही व्यापारी किंवा संस्था 'निक्षय मित्र' होऊन रुग्णाच्या शिध्याचा भार उचलू शकते.

राज्य कामगार विम्यात तर क्षयासारख्या दीर्घ आजारात पात्र कामगाराला मजुरीच्या ८० टक्के भत्ता मिळतो. पण हजेरीपटावर नावच नसेल तर तो कोणाला मिळणार? दहा कामगारांची अट चुकवण्यासाठी एकाच छपराखाली दोन-तीन कारखाने कागदोपत्री दाखवणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आमचे म्हणणे एवढेच की प्रत्येक मोहल्ल्यातील व्यापारी संघटनेने एक जाणता माणूस नेमावा. त्याने रुग्णाला केंद्रात न्यावे, खाते सुरू करून द्यावे, गोळ्या चुकत नाहीत ना हे पाहावे. कारखानदाराने दवाखान्यापुरती सुट्टी द्यावी आणि माग राखून ठेवावा. गरजू रुग्णाला जकातीतून मदत जरूर व्हावी, परंतु जकात ही मजुरीची किंवा विम्याची भरपाई नव्हे. कामगाराचा हक्क आधी, आपली खैरात नंतर. कापडाचा हिशेब आपण मीटरवर चोख ठेवतो. ते विणणाऱ्याच्या श्वासाचाही हिशेब ठेवायला हवा.