सांडपाण्यातील औषधाला मर्यादा हवीच

औषध कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या सांडपाण्यात प्रतिजैविक किती चालेल, याची देशव्यापी मर्यादा आपल्याकडे कायद्याने ठरलेली नाही. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी 2020 मध्ये 121 प्रतिजैविकांसाठी तशा मर्यादांचा मसुदा काढला होता. ऑगस्ट 2021 मध्ये अंतिम अधिसूचना आली, तेव्हा त्या मर्यादा गायब होत्या. त्या वगळल्या ते योग्यच झाले, असे मानणारे आजही आहेत. त्यांचे आक्षेप एकेक करून तपासू.

पहिला आक्षेप प्रमाणाचा. नदीत औषध सापडते ते नॅनोग्रॅममध्ये. एका गोळीइतके पोटात जायला जन्मभर पाणी प्यावे लागेल, मग एवढी ओरड कशाला? हा हिशेब फक्त पाणी पिणाऱ्या माणसाचा आहे. पाण्यात जन्मून पाण्यातच मरणाऱ्या जिवांचे काय? कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात संशोधकांनी एका प्रायोगिक तलावात गर्भनिरोधक गोळ्यांतील इथिनिल एस्ट्रॅडिओल हे संप्रेरक लिटरमागे अवघे 5 ते 6 नॅनोग्रॅम राहील, असे तीन वर्षे सोडले. नर माशांत मादीची लक्षणे दिसू लागली आणि फॅटहेड मिनो या लहान माशाची तिथली संख्या जवळजवळ संपुष्टात आली. हे निष्कर्ष 2007 मध्ये प्रसिद्ध झाले.

शिवाय कारखान्यांच्या शेजारी गोष्ट नॅनोग्रॅमची राहतच नाही. हैदराबादजवळच्या पटानचेरूत सुमारे 90 औषध कारखान्यांचे सांडपाणी घेणाऱ्या सामायिक प्रक्रिया केंद्राचे पाणी स्वीडनच्या योआकिम लार्सन यांच्या गटाने तपासले. प्रक्रिया होऊन बाहेर पडलेल्या त्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरमागे 31 मिलिग्रॅमपर्यंत निघाले. गोळी घेतलेल्या रुग्णाच्या रक्तातही ते एवढे नसते. पुढच्या तपासणीत आसपासच्या तळ्यांत आणि गावांच्या विहिरींतही औषधे सापडली. तिथले ओढे जिला मिळतात ती मंजीरा म्हणजे आपल्या बीड जिल्ह्यात उगम पावणारी मांजरा. पुढे ती गोदावरीला मिळते.

दुसरा आक्षेप असा, की प्रक्रिया केंद्रे आहेत, नियम आहेत, नमुने तपासले जातात, मग आणखी मर्यादा कशाला? तपासणी नेमकी कशाची होते ते पाहा. नमुन्यात डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक आम्ल घालून तो दोन तास उकळतात आणि त्यातील सेंद्रिय द्रव्याला किती ऑक्सिजन लागला ते मोजतात. हा सीओडी. उत्तर म्हणून एकच आकडा मिळतो. तो गुळाच्या पाण्याचा की प्रतिजैविकाचा, हे त्या आकड्यावरून कळत नाही. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्याला सीओडीची सर्वसाधारण मर्यादा लिटरमागे 250 मिलिग्रॅम आहे. पटानचेरूत सापडलेल्या 31 मिलिग्रॅम सिप्रोफ्लॉक्सासिनचा सीओडी रासायनिक हिशेबाने 50 च्या आसपास भरतो. म्हणजे एवढे औषध वाहत असतानाही या कसोटीवर पाणी उत्तीर्ण होऊ शकते. माशांची कसोटीही आहे: सांडपाण्यात 96 तासांनंतर 90 टक्के मासे जिवंत हवेत. पण प्रतिजैविक मारते जिवाणूंना, मासा त्यातून वाचू शकतो. जे जिवाणू मरत नाहीत, तेच औषधाला न जुमानणारे होऊन पुढे वाढतात. पटानचेरूच्या केंद्रात तर प्रक्रिया सुधारावी म्हणून मैलापाणीही मिसळले जात होते. माणसाच्या आतड्यातले जिवाणू आणि प्रतिजैविक एकाच टाकीत आणणे म्हणजे प्रतिरोधाला आयते रान मोकळे करून देणे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार वाटतो. मर्यादा आली तर औषधे महागतील, गरिबाचे हाल होतील आणि धंदा चीनकडे जाईल. गरिबाची काळजी आम्हालाही आहे, म्हणूनच हा आक्षेप मान्य नाही. लार्सन यांच्या गटाच्या अंदाजाने त्या केंद्रातून एका दिवसात सुमारे 45 किलो सिप्रोफ्लॉक्सासिन वाहून गेले. 500 मिलिग्रॅमच्या गोळ्यांत मोजले तर ते 90 हजार गोळ्यांचे औषध होते. एवढा माल वाया घालवून स्वस्ताई कुठली? साधी गोळी लागू पडेनाशी झाली की रुग्णाला महागड्या इंजेक्शनांवर जावे लागते. कारखान्याने वाचवलेला खर्च असा रुग्णाच्या बिलात येतो, आणि तो सर्वांत कमी झेपतो गरिबालाच.

चौथा आक्षेप: लोकही औषधे गटारात टाकतात, मग दोष एकट्या कारखान्यांना का? यात तथ्य आहे. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 258 नद्यांच्या जागतिक पाहणीत मधुमेहाचे मेटफॉर्मिन आणि अपस्माराचे कार्बामाझेपिन ठिकठिकाणी आढळले. ही औषधे माणसांच्या शरीरातून आणि घरांच्या सांडपाण्यातूनही येतात. पण घरांकडे बोट दाखवून कारखाना सुटत नाही. दोन्ही तोंडे बंद करायला हवीत, आणि कारखान्याचे तोंड एका जागी असल्याने ते आधी बंद करता येते.

मग करायचे काय? 2020 चा मसुदा पुन्हा आणावा. मर्यादा प्रत्येक औषधासाठी वेगळी असावी आणि ती कारखान्याच्या फाटकातच, इतर पाण्यात मिसळण्याआधी, मोजली जावी. शास्त्र अजून पक्के नाही, ही सबबही आता उरलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर 2024 मध्ये प्रतिजैविक कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. स्वित्झर्लंडने 2016 पासून ओझोन आणि सक्रिय कोळशाच्या साहाय्याने शहरी सांडपाण्यातील असे अंश काढायला सुरुवात केली. युरोपीय संघाच्या 2024 च्या कायद्याने या जादा प्रक्रियेचा किमान 80 टक्के खर्च औषध आणि सौंदर्यप्रसाधनांच्या उत्पादकांवर टाकला आहे.

महाराष्ट्राने दिल्लीची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला केंद्रापेक्षा कडक मानके लावण्याचा अधिकार आहे. तारापूर, लोटे आणि कुरकुंभच्या औषध कारखान्यांच्या संमतीपत्रांत ही अट घालता येईल. सरकारी रुग्णालयांसाठी औषधे घेताना निविदेत सांडपाण्याचा अहवाल मागता येईल. उरलेल्या गोळ्या परत घेणारी पेटी औषध दुकानांत ठेवता येईल. केरळने तशी योजना सुरू केली आहे. तोवर वाचकांनी एवढे करावे: डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय प्रतिजैविक घेऊ नये, उरलेले बेसिनमध्ये ओतू नये, आणि आपल्या आमदाराला विचारावे की आपल्या नदीत पडणारे औषध मोजते कोण. आज त्याचे उत्तर ‘कोणीच नाही’ असे असेल, तर ते बदलण्याची मागणी त्याच्याकडेच करावी.