कोणत्या लाइनवरून?

यंदा या सदराचा विषय आहे आपल्या मंडळाच्या ऑफिसातला टेबलावरचा फोन. हसू नका. जन्मभर इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकवलेल्या या मास्तराला त्या फोनने चांगलंच खडसावलंय.

फोन एकच, पण त्यावर अकाउंट तीन: मंडळाचं, मराठी शाळेचं आणि ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचं. इंटरनेटवर चालणारा फोन, त्यामुळे प्रत्येकाचा नंबर वेगळा. ज्या बटणाचा दिवा लुकलुकतो त्या अकाउंटवर फोन आलेला असतो. तेवढं पाहूनच ‘नमस्कार, मराठी शाळा’ म्हणायचं. मध्येच दुसरा फोन आला तर पहिल्याला होल्डवर ठेवायचं. म्यूट नव्हे, म्यूटने फक्त आपला आवाज बंद होतो. आणि वयस्कर माणसाचा फोन दुसऱ्याकडे द्यायचा असेल, तर आधी त्या दुसऱ्याशी बोलून घ्या, मगच जोडून द्या. नाहीतर बिचारे कुणाच्या तरी व्हॉइसमेलशी बोलत बसतात.

इथवर सोपं आहे. माझी चूक झाली ती उलट फोन करताना.

हेल्पलाइनवर एका मावशींचा मिस्ड कॉल होता. मी सरळ रिसीव्हर उचलून नंबर फिरवला. पण आपल्या फोनवर बटण न दाबता रिसीव्हर उचलला की पहिलं अकाउंट लागतं, आणि पहिलं अकाउंट शाळेचं! मावशींना अनोळखी नंबर दिसला. मुलाने बजावून ठेवलेलं, अनोळखी फोन घ्यायचा नाही. मी तीनदा केला, त्यांनी तीनदा घेतला नाही. डॉक्टरांकडे न्यायला कुणी मिळेल का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. अपॉइंटमेंट हुकली.

त्या रात्री मनात आलं, चुकीच्या बटणावरून ९११ लावला असता तर? इंटरनेटच्या फोनवर ९११ ला साधारणपणे त्या नंबरसाठी नोंदवलेला पत्ता कळतो. आपण ऑफिस हलवलं, तेव्हा दोन अकाउंटचे पत्ते बदलले होते. हेल्पलाइनचा पत्ता जुन्याच हॉलचा! आणि ज्येष्ठांची बैठक नेमकी याच फोनशेजारी भरते.

डिसेंबर २०१३ मध्ये टेक्सासच्या मार्शल गावातल्या एका हॉटेलात कारी हंट हिच्यावर प्राणघातक हल्ला झाला. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने खोलीतून चार वेळा ९११ लावला. लागला नाही, कारण बाहेरच्या लाइनसाठी आधी आणखी एक ९ दाबावा लागत होता. त्यातूनच २०१८ चा ‘कारीज लॉ’ आला. अनेक लाइनींच्या नव्या यंत्रणेत ९११ थेट लागला पाहिजे, हे १६ फेब्रुवारी २०२० पासून बंधनकारक आहे. त्याआधी बसवलेल्या यंत्रणांना मात्र हा नियम लागू नाही. तेव्हा तुमच्या क्लिनिकमध्ये किंवा दुकानात जुना फोन असेल तर चौकशी करा.

पत्ता तपासायला उगाच ९११ लावू नका. काही कंपन्यांनी त्यासाठी ९३३ नंबर ठेवलाय, तो तुमचा नोंदवलेला पत्ता वाचून दाखवतो. तुमच्या कंपनीकडे ती सोय आहे का, विचारा. आणि प्रत्येक अकाउंटवरून वेगळं तपासा. बटणं बारीक दिसत असतील तर नातवंडांना हाताशी घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

हेल्पलाइनचा पत्ता बदलून घेतल्यावर मी तिन्ही बटणं दाबून तीनदा तो ऐकला. मग दुसरं बटण दाबून मावशींना फोन केला. दुसऱ्याच घंटीला त्यांनी उचलला आणि म्हणाल्या, “अहो सर, शाळेतून मला कोण सारखं फोन करत होतं हो?”